नाचत्या आगकाड्या

बडोद्याचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सयाजीराव महाराज उभे राहतात. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालये, लक्ष्मीविलास राजवाड्यातील रविवर्म्याची चित्रे ह्यांची आठवण होते. परंतु आपली मुले हल्ली दूरचित्रवाणीपुढे बसून जी हलती-बोलती चित्रे तासन् तास पाहतात, त्या चित्रांच्या कलेशीही ह्या नगरीचे नाते आहे असे कोणी म्हटले, तर श्रोत्यांस ते जरा ओढूनताणून आणलेले वाटेल. डोरेमॉन आणि शिनचॅन ही जपानची मुले. त्यांचा आणि विश्वामित्रीकाठच्या ह्या गावाचा संबंध काय? संबंध आहे तो असा, की ह्या कलेचा हिंदुस्थानातील पहिला धडा ज्या गृहस्थाने गिरविला, तो बडोद्याच्या कलाभवनात घडलेला होता. त्या गृहस्थाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळक्यांची ओळख करून देण्याची वास्तविक गरज नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि हिंदी चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव कायमचे कोरले गेले. चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सरकारी पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. पण १९१५ च्या सुमारास त्यांनी केलेल्या एका चिमुकल्या चित्रपटाविषयी क्वचितच कोणी बोलते. त्याचे नाव 'आगकाड्यांची मौज'. त्यात नट नाही, नटी नाही, देव नाही आणि दानवही नाही. काड्यापेटीतल्या निर्जीव काड्या जिवंत झाल्यासारख्या हालचाल करू लागतात, एवढाच त्याचा विषय. ज्या तंत्रास आज आपण अॅनिमेशन म्हणतो, ते आपल्याकडे प्रथम वापरले गेले ते ह्या काड्यांवर.

ही युक्ती फाळक्यांस कोठून साधली? जुन्या विलायती चित्रपटांचे अनुकरण, असे उत्तर देऊन पुष्कळजण मोकळे होतात. ते खोटे नाही. पॅरिसमधील एमिल कोल नावाच्या व्यंगचित्रकाराने १९०८ सालीच आगकाड्यांचा असा एक चित्रपट केला होता आणि फाळक्यांना त्यावरून स्फूर्ती मिळाली असे अभ्यासक मानतात. जगात प्रथम असा मान आपण मागू नये. तो आपला नाही. पण दुसऱ्याचा खेळ पाहून तो कसा केला असेल हे ओळखणे, आणि घरच्या घरी तो करून दाखविणे, ह्यासाठी हात आधी तयार असावे लागतात. फाळक्यांचे हात तयार झाले ते बडोद्यास.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. त्यांना मुंबईस अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब तिकडे गेले. पंधराव्या वर्षी धुंडिराजाने जे. जे. कलाशाळेत नाव घातले आणि पुढे थोरल्या बंधूंबरोबर तो बडोद्यास आला. १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झाले, आणि ह्या तरुणास हवी तशी शाळा मिळाली.

कलाभवनाविषयी येथे थोडे अधिक बोलले पाहिजे. ही संस्था निव्वळ चित्रे काढावयास शिकविणारी नव्हती. सयाजीराव महाराजांची दृष्टी उद्योगाकडे होती. संस्थेचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तर मूळचे रसायनशास्त्रज्ञ, रंगांच्या विद्येत मुरलेले. चाफेकरांनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास डांबर फासले, तेव्हा ते डाग काढून देणारे प्राध्यापक गज्जर ते हेच. पुढे बडोद्याच्या अलेंबिक कारखान्याची मुहूर्तमेढही त्यांच्या सहकार्याने रोवली गेली. अशा माणसाच्या हाताखाली रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला ही एका छपराखाली नांदत होती, आणि शिकविण्याचे माध्यमही देशी भाषा हेच होते. चित्रकाराने रसायनाच्या बाटलीस हात लावू नये किंवा सुताराच्या मुलाने नकाशा काढू नये, असला सोवळेपणा तेथे नव्हता.

फाळक्यांनी ह्या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला. तैलरंग आणि जलरंग ते शिकलेच, शिवाय वास्तुकला आणि मातीकामही शिकले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि सुवर्णपदक मिळविले. एका चाहत्याने त्यांना मूल्यवान कॅमेरा भेट दिला. मग छायाचित्रे घेणे, ती धुणे, त्यांवरून छपाईचे ठसे करणे ह्या विद्येचा त्यांनी ध्यास घेतला. गज्जरांनी त्यांस तिरंगी ठशांचे व शिळाछापाचे काम शिकण्यासाठी रतलामला पाठविले, आणि परत आल्यावर कलाभवनाची छायाचित्रशाळा व प्रयोगशाळा त्यांच्या हाती खुली केली. विद्यार्थ्यावर इतका विश्वास टाकणारा प्राचार्य लाभणे हे भाग्य होय. आजही ते सर्वांच्या वाट्यास येत नाही.

ठसे करण्याचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्याचा स्वभाव ठाऊक असेल. तिरंगी छपाईत एकाच चित्राचे तीन वेगळे ठसे करावे लागतात, आणि ते एकावर एक असे बसवावे लागतात की केसाइतकाही फरक पडता कामा नये. ठसा किंचित सरकला की मूर्तीला दोन नाके दिसू लागतात. चित्र किती सरकले ह्याची ही जी सूक्ष्म जाणीव, तीच पुढे आगकाड्यांच्या कामी यावयाची होती. छपाईत चित्र सरकू द्यावयाचे नाही. अॅनिमेशनमध्ये ते सरकवावयाचे, पण मोजून.

१८९५ च्या सुमारास छायाचित्रकाराचा धंदा करण्यासाठी फाळके गोध्र्यास गेले. तेथे प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. दुःखी मनाने ते बडोद्यास परतले, पण येथे धंदा चालेना. कॅमेरा माणसाची प्राणशक्ती शोषून घेतो, अशी समजूत लोकांत पसरली होती. चित्रे काढून घ्यावयास गिऱ्हाइके धजत ना. तेव्हा पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचे काम धरले, आणि बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते जादू शिकले. १९०१ मध्ये त्यांनी आपल्या आडनावाची अक्षरे फिरवून 'प्रोफेसर केल्फा' ह्या नावाने जादूचे जाहीर प्रयोगही केले.

चरित्रकार ह्या जादूच्या प्रकरणाकडे गमतीची गोष्ट म्हणून पाहतात. मला ते तसे वाटत नाही. जादूगाराचे सारे कौशल्य कशात असते? प्रेक्षकाने काय पहावे हे ठरविण्यात जितके, तितकेच काय पाहू नये हे ठरविण्यात. रुमालाखालून कबूतर निघते ते सर्वांना दिसते. ते आत कसे गेले तो क्षण मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. अॅनिमेशनमध्ये नेमके हेच घडते. काडी सरकविणारा हात प्रत्येक वेळी तेथे येतो आणि कॅमेऱ्याचा डोळा उघडण्यापूर्वी निघून जातो. प्रेक्षक काडीची चाल पाहतात आणि हाताला विसरतात. ठसे करणारा, पडदे रंगविणारा आणि जादूगार असे तीन कारागीर बडोद्यातील त्या हलाखीच्या दिवसांत एकाच देहात तयार होत होते.

पुढचा वृत्तांत झपाट्याने सांगतो. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला, आणि त्या सरस्वतीबाईंची साथ त्यांना जन्मभर मिळाली. १९०३ पासून काही वर्षे पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांनी नोकरी केली. मग लोणावळ्यास छापखाना काढला, रविवर्मा प्रेससाठी शिळाछापाचे काम केले, मुंबईत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभारले, १९०९ साली यंत्रसामग्रीसाठी जर्मनी गाठली, आणि अखेर भागीदारांशी न पटल्यामुळे सारे सोडून दिले. १९११ च्या ईस्टरच्या सुमारास त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि राम-कृष्णांना पडद्यावर आणण्याचे वेड घेतले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र ह्यांची खरेदी करून थोड्याच आठवड्यांत परतले.

आता त्यांना भांडवलदार हवा होता. हे यंत्र काय करू शकते हे त्यास पटवावयाचे कसे? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यावर रोखला, आणि अंकुर फुटून रोप वर येईपर्यंत महिनाभर थांबत थांबत एकेक चित्र घेतले. पडद्यावर ते रोप प्रेक्षकांच्या देखत मातीतून डोके काढून तरारून उठले. हीच ती 'अंकुराची वाढ'.

रोज एकच चित्र घेतले असे ह्या चित्रपटाविषयी नेहमी लिहिले जाते. पण जरा हिशेब करून पहा. मूकपटाच्या काळी पडद्यावर सेकंदाला सुमारे १६ चौकटी सरकत. एका फुटात १६ चौकटी मावत, म्हणजे सेकंदास एक फूट फिल्म. रोज एकच चौकट घेतली तर महिन्याभरात तीस चौकटी होतील आणि पडद्यावर सारा खेळ दोन सेकंदांत आटोपेल. चित्रपट तर मिनिटभराचा होता असेही तीच मंडळी सांगतात. मिनिटाला ९६० चौकटी लागतात; तीस दिवसांत त्या भरावयाच्या तर दिवसाला बत्तीस! तेव्हा दोन गोष्टींपैकी एक सोडली पाहिजे, आणि मी 'रोज एक' ही सोडतो. दिवसातून पुनःपुन्हा त्या कुंडीपाशी जाणे, उजेड सारखा आहे की नाही हे पाहणे, कॅमेऱ्याचा दांडा जेवढ्यास तेवढा फिरविणे, हे ज्या माणसाने महिनाभर केले त्याची चिकाटी दंतकथेपेक्षा मोठी ठरते. दोन चौकटींच्या मधला वेळ गिळून टाकता येतो, हे गमक येथे सापडले. वाटाण्याच्या बाबतीत त्या मधल्या वेळात निसर्ग काम करीत होता. पुढे आगकाड्यांच्या बाबतीत ते काम माणसाच्या बोटांनी केले.

ती वेळ लवकरच आली. 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' झाले, १९१४ मध्ये लंडनची दुसरी वारी झाली. इतक्यात महायुद्धाचा भडका उडाला. ज्यांनी पैसा देण्याचे कबूल केले होते त्यांनी हात आखडता घेतला. मोठा चित्रपट काढावयाचा तर नट, पोशाख, देखावे, आणि रोजचा साठ-सत्तर पानांचा स्वयंपाक लागे; तो सरस्वतीबाई करीत. आगकाड्यांना ह्यांपैकी काहीच लागत नाही. ह्या ओढग्रस्तीच्या काळात फाळक्यांनी छोटे छोटे पट केले: कोठे पर्वणीचा मेळा, कोठे तळेगावचा काचकारखाना, कोठे प्रोफेसर केल्फाची जादू, नाण्यांच्या करामतीचा 'लक्ष्मीचा गालिचा', आणि हा 'आगकाड्यांची मौज'.

काम कसे चालते ते डोळ्यांपुढे आणा. खाली सपाट फळी, वर स्थिर कॅमेरा. काड्या मांडावयाच्या, चौकट घ्यावयाची, काडी गव्हाभर सरकवावयाची, पुन्हा चौकट. अशा सोळा खेपांनी एक सेकंद पुरा होतो. मध्ये कोणी शिंकले, काडी हलली, ऊन ढगाआड गेले, की मागचे सारे फुकट. त्या वेळी आपल्या बाजारात आगपेट्या येत त्या मुख्यतः स्वीडनच्या आणि जपानच्या. युद्धाच्या वर्षांत तर जपानी मालाचीच चलती होती, आणि त्या पेट्यांवर आपले देवदेवता छापलेले असत. नाशिकला नाचलेल्या काड्या कोणत्या देशाच्या होत्या हे विचारण्यात अर्थ नाही. परंतु त्या जपानातही ह्याच सुमारास हीच विद्या रुजत होती.

१९१७ मध्ये जपानात ओतेन शिमोकावा, जुनिची कोउची आणि सेइतारो कितायामा ह्या तिघांनी आपापले व्यंगचित्रपट दाखविले. म्हणजे फाळक्यांच्या मागाहून दोन वर्षांनी. शिमोकावा व कोउची हे व्यंगचित्रकार, कितायामा रंगचित्रकार. साधने तुटपुंजी, शिकविणारा कोणी नाही. सारी परिस्थिती फाळक्यांसारखीच. कितायामाने १९२१ साली स्वतःची शाळावजा चित्रशाळा काढली आणि हाताखाली मुले घेतली. १९२३ च्या भूकंपाने तोक्योचा बराचसा भाग उद्ध्वस्त केला आणि कितायामाने तोक्यो सोडले. परंतु शिष्य मागे राहिले होते. त्यांतील सानाए यामामोतो ह्याने काम चालू ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने सहकाऱ्यांसमवेत उभारलेली संस्था १९५६ मध्ये तोएई कंपनीने घेतली, आणि तिच्यातून १९५८ साली 'पांढऱ्या नागिणीची कथा' हा जपानचा पहिला रंगीत दीर्घ व्यंगचित्रपट बाहेर पडला. त्याच तोएईसाठी ओसामु तेझुका ह्या वैद्यकी शिकलेल्या चित्रकाराने काम केले, आणि मग स्वतःची चित्रशाळा काढून १ जानेवारी १९६३ पासून 'तेत्सुवान आतोमु' ही यंत्रबालकाची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर दर आठवड्यास सुरू केली.

तेझुकाची अडचण फाळक्यांच्या अडचणीची सख्खी बहीण होती. अर्ध्या तासाचा कार्यक्रम दर आठवड्यास द्यावयाचा, आणि पैसा व माणसे अपुरी. अमेरिकेतील डिस्नेच्या चित्रशाळेत सेकंदास बारा ते चोवीस चित्रे काढीत. तेझुकाने ती आठांवर, कित्येकदा त्याहूनही खाली आणली. पात्र बोलताना फक्त ओठ हलवावयाचे, एकदा काढलेले धावणारे पाय जपून ठेवून पुन्हा वापरावयाचे, कॅमेराच चित्रावरून फिरवून हालचालीचा भास निर्माण करावयाचा. जाणकारांनी नाके मुरडली, मुलांनी मात्र ती मालिका डोक्यावर घेतली. आज आपल्या घरांत जी जपानी चित्रे दिसतात, त्यांची सारी बांधणी ह्या काटकसरीतून आलेली आहे.

मग तेथे जे झाले ते येथे का झाले नाही? काटकसर आपल्यालाही येत होती, कौशल्यही होते. मला दिसणारे कारण असे, की फाळक्यांची करामत लवकरच देवांच्या सेवेस लागली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये उडणारा मारुती लोकांनी पाहिला आणि तिकिटांसाठी झुंबड उडाली. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदारांना पौराणिक चित्रपट हवे होते, आणि ते चुकत होते असेही म्हणवत नाही. प्रेक्षक त्यासाठीच पैसे टाकीत होता. आगकाड्यांच्या पटास स्वतंत्र गिऱ्हाईक नव्हते. ज्या कामास गिऱ्हाईक नाही त्यास उमेदवार कोठून मिळणार? फाळक्यांच्या हाताखाली कॅमेरा चालविणारे तयार झाले, रंगभूषा करणारे तयार झाले, पण फळीवर ओणवा होऊन काडी सरकविणारा शिष्य तयार झाला नाही. गुरुशिष्य परंपरेचा अभिमान आपण मिरवावा, आणि ह्या एका विद्येत ती परंपरा जपानने चालवावी, हा योग चमत्कारिक खरा.

म्हणून आपल्याकडे ही कला दर वेळी नव्याने जन्मास आली. १९३४ मध्ये प्रभातने 'जंबूकाका' हे व्यंगचित्र काढले, पण तेही एकटेच राहिले. १९५६ मध्ये, म्हणजे जपानात तोएईने चित्रशाळा घेतली त्याच वर्षी, मुंबईस फिल्म्स डिव्हिजनने व्यंगचित्रपटांचा विभाग उघडला. तेथे शिकविण्यास डिस्नेच्या चित्रशाळेतून क्लेअर वीक्स हे आले. त्यांच्या देखरेखीखाली १९५७ साली जातककथेवरील 'बनियन डिअर' तयार झाला. चाळीस वर्षांपूर्वी नाशिकला जे साधले होते त्याचा धागा उचलणारा कोणी तेथे नव्हता. मात्र ह्या वेळी शिष्य निघाले. त्यांतील राम मोहन ह्यांनी पुढे सत्यजित राय ह्यांच्या 'शतरंज के खिलाडी'तील चित्रांचा भाग केला, आणि १९९० च्या दशकारंभी युगो साको ह्या जपानी दिग्दर्शकाबरोबर रामकथेवरील दीर्घ व्यंगचित्रपट पुरा केला. साको १९८३ मध्ये रामायणकालीन अवशेषांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी आले होते आणि रामकथेच्या प्रेमात पडले. रामाचे कार्टून करावयाचे म्हणताच आपल्याकडे काहींच्या भुवया उंचावल्या, आणि काम बहुतांशी जपानात झाले. त्या वेळी कोणास फाळक्यांच्या 'लंकादहन'ची आठवण झाली असती तर बरे झाले असते. २०२५ च्या जानेवारीत हा चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तेव्हा आईबापांनी मुलांना बोटास धरून नेले.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला निवर्तले. 'आगकाड्यांची मौज' आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, लवकर कुजणारी आणि त्याहून लवकर पेटणारी. कोउचीचा 'बोथट तलवार' हा १९१७ चा पटही असाच नाहीसा झाला म्हणून सर्वांनी सोडून दिला होता. तो ओसाकातील जुन्या वस्तूंच्या बाजारात एका संशोधकाच्या हाती लागल्याचे २००८ साली जाहीर झाले. चार मिनिटांचा तो विनोदी खेळ आता कोणासही पाहता येतो.

कलाभवन बडोद्यात अजून आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा तेथे भरते. 'चित्रपट कसे तयार करतात' ह्या नावाचा फाळक्यांचा एक छोटा पट होता, त्याचा काही भाग सुदैवाने वाचला आहे. त्यात ते स्वतः दिसतात: गंभीर चेहरा, आजूबाजूस माणसांची लगबग, आणि हातातली फिल्म बारकाईने न्याहाळीत असलेले दादासाहेब.